मदत हवी आहे : हळदीच्या कागदाला जोडीदार दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा पदार्थ) सुचवा

नमस्कार मंडळी. रावेरकडे दहावीच्या पोरांना आम्ल-आम्लारी शिकवतो. केळीच्या वाळल्या खोडाची राख पाण्यात कालवून, ते निवळलेलं पाणी हळदीच्या कागदावर टाकलं की पिवळा कागद लगेच विटकरी लाल होतो. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात हायड्रॉक्साइड आयन तयार करतं, म्हणून ते पाणी आम्लारी होतं, हे पोरांना चटकन पटतं. वर लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा! त्यावर तर पोरं खूश.

अडतं ते आम्लापाशी. लिंबाचा रस काय नि साधं पाणी काय, हळद दोन्हींत पिवळीच. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट होतो, पण उन्हाळ्यात लवकर नासतो. फुलं सावलीत वाळवून ठेवली तर रंग तसाच बदलेल का? कुणी कागदपट्ट्या केल्या असतील तर कृती सांगा.