हिप बदलल्यावर घराबाहेर चालणं: कुठं, किती आणि कसं?

वडगावची बाई

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय 64. खुब्याचा सांधा पार झिजला होता, म्हणून मंगाईच्या यात्रेच्या थोडं आधी उजवा हिप बदलून घेतला. यात्रा यंदा घरात बसूनच ऐकली. आता वॉकर सोडून काठीवर आले आहे. व्यायाम करून घ्यायला येतात ते म्हणतात, "बाई, आता बाहेर पडा." आणि बाहेर म्हटलं की माझे हातपाय गार पडतात.

घरात फरशी सपाट आहे. दाराबाहेर दोन पायऱ्या, मग गटारावरची कडाप्पा फरशी, तिचा एक कोपरा हलतो. त्यापुढं बोळात मोटारसायकली आडव्या लावलेल्या, पाण्याच्या पाइपासाठी खणून अर्धवट बुजवलेला चर, कोपऱ्यावर कुत्री. त्यात श्रावण. ऊन पडलं म्हणून निघावं तर नाक्यापर्यंत जाईतो सर येते.

काठी कुठल्या हातात धरायची यावरून घरात रोज वाद. मुलगा म्हणतो दुखऱ्या बाजूला, सून म्हणते उलट. आणखी एक अडचण आहे, हसू नका. निम्मी गल्ली माझ्या हाताखालून शिकून गेलेली. दर दोन घरांआड "बाई, बसा की थोडं" म्हणत कुणी पाट पुढं करतं, कुणी बुटकं स्टूल. नको म्हटलं की तोंड उतरतं.

गणपतीत झेंडा चौकापासून देखावे बघत फिरायची माझी जुनी सवय. 1905 साली टिळकांनी तिथला सार्वजनिक गणपती सुरू केला, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले. यंदा जमेल का?

"डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका. विचारलंय. ते "चाला, चाला" म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडं वळतात.

फिजिओ, टिळकवाडी

बाई, सूनबाई बरोबर. उजवा हिप बदललाय तर काठी डाव्या हातात. एका पायावर उभं राहताना कंबर तोलून धरायचं काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू करतात. ऑपरेशननंतर ते काही आठवडे दुबळे असतात. उजवा पाय टेकतो त्याच वेळी डाव्या हातातली काठी टेकली की त्या स्नायूंवरचा भार बराच कमी होतो. काठी उजव्या हातात धरली तर माणूस त्या अंगाला कलून चालायला लागतो आणि ती लकब पुढं मोडता मोडत नाही. उंची अशी बघा: चप्पल-बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.

दारातल्या पायऱ्यांवर चढताना डावा पाय आधी, मग उजवा आणि काठी. उतरताना काठी आणि उजवा पाय आधी, डावा मागून. हलणारी फरशी मात्र उद्याच्या उद्या गवंडी बोलावून बसवून घ्या. तिच्यावरून जपून कसं जायचं ते मी शिकवणार नाही.

चार पायांची काठी कुणी आणून दिली तर ती घरातच ठेवा. चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर. चरावर, खडीवर एक पाय अधांतरी राहतो आणि काठी डुलते. बाहेर एका टोकाची, चांगल्या रबराची काठी बरी.

अंतर फर्लांगात मोजू नका. दिवसातून एकदाच लांब जाण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं किंवा लंगडणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर अंतर कमी करा, तेवढंच असेल तर चालू ठेवा. रस्त्याच्या अगदी कडेनं चालू नका. तिथं गटाराकडं उतार असतो, एक पाय सतत खाली पडतो आणि "पाय लांब झाला की काय" असं वाटत राहतं.

आणि गल्लीतून मागून हाक आली तर! माझ्या पेशंटांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. उजवा पाय जमिनीवर रोवून कंबरेतून गर्रकन वळायचं नाही. थांबा, छोटी छोटी पावलं टाकत सगळ्या अंगानं वळा. तुमचे विद्यार्थी थांबतील. ऑपरेशनचा चिरा मागच्या बाजूनं घेतला असेल तर खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडणं, पायावर पाय टाकणं, पाऊल आत वळवणं हे साधारण पहिले सहा ते बारा आठवडे टाळायला सांगतात. पुढून घेतला असेल तर नियम वेगळे. तुमचा कुठल्या बाजूनं आहे ते नक्की विचारून घ्या, "चाला चाला" ऐकून परतू नका.

निपाणीकर

बाई नमस्कार. मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत होतो. दोन्ही हिप बदललेत, आधी डावा, मग उजवा. मॅडमनी सांगितलं ते शास्त्र झालं. मी व्यवहाराचं सांगतो.

पहिलं म्हणजे जितकं गेलो तितकंच परत यायचंय. दमल्यावर वळायचं नसतंय, दम शिल्लक असतानाच वळायचं. मी विजेचे खांब धरून चालायचो. आज ह्या खांबाला हात लावून माघारी, दोन दिवस तेच, मग पुढचा खांब. घड्याळ बघितलं की माणूस ईर्ष्येला पेटतोय.

पाट-स्टुलाचं सोपं आहे. "डॉक्टरनी बसायची बंदी केल्या" म्हणायचं. आपल्याकडं स्वतःच्या मनानं नको म्हटलं की राग, डॉक्टरच्या नावानं म्हटलं की कौतुक. चहा उभ्यानंच घ्यायचा. फारच आग्रह झाला तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागायची, हाताची. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर आला तर ती खुर्ची आपली नव्हे. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात, तिच्यावर भरवसा नको.

पोरगा स्कूटरवर मागं एका अंगाला बसवून नेतो म्हणंल, ऐकू नका. बसची पहिली पायरीच केवढी उंच, ती पण इतक्यात नको. कारमध्ये सीट मागं सरकवायची, वर उशी टाकायची, पाठमोरं होऊन आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय मिळून आत घ्यायचे. आमच्या गल्लीत मी बसालोय म्हटलं की पोरं गोळा व्हायची बघायला.

लोकं विचारालेत म्हणून लाजायचं काय कारण? "केवढ्याला बसवला?" असं पण मला एकानं बाजारात विचारलंय.

खानापूरची लेक

माझी आई पडली आणि तिचा खुबा मोडला, म्हणून तिचं ऑपरेशन झालं. आमचं गाव खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. पावसाचं तुम्हाला काय सांगू! जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांवर शेवाळ. तिथं आम्ही तिला पाऊस संपेपर्यंत पाऊल टाकू दिलं नाही. देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायची. वर छप्पर, खाली कोरडं, टेकायला खांब. भजनाच्या आधी जायची. वडगावातही एखादं देऊळ किंवा तुमच्या शाळेचा व्हरांडा मिळेल. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी बघा, नाहीतर पोरं धावत येऊन पाया पडतील आणि तोल जाईल.

देवळात चप्पल काढावी लागते ती अडचण आहेच. वाकता येत नाही. आईला मागून पट्टा असलेली रबरी तळाची सँडल घेतली, काढ-घाल मी करायची. मागं उघडी सपाता नको, चिखलात ती पायातून निघते. नमस्कार उभ्यानंच, पंगतीला तर नाहीच.

छत्री मात्र घेऊ नका. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री, मग पडताना धरायला हात कुठला? आईनं गोणपाटाची खोळ मागितली होती! शेवटी टोपीचा रेनकोट आणला. आणि साडी नेसत असाल तर निऱ्या चार बोटं वर खोचा, काठीचं टोक निऱ्यांत अडकतं. लाईट गेल्यावर किंवा तिन्हीसांजेला बाहेर नको.

निघण्याआधी बाथरूमला जाऊन या. बाहेर कमोड मिळेलच असं नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं या दिवसांत चालत नाही. आई त्या भीतीनं पाणीच कमी प्यायची. तसं करू नका.

वडगावची बाई

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी. गवंड्याला निरोप गेला आहे. मुलगा काठीवरून काही बोलत नाही, सूनबाई मात्र बोलते आहे.

दोन शंका. संध्याकाळी उजवा पाय घोट्याशी सुजतो, ते चालण्यानं का? आणि वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या झाडीत पूर्वी रोज फिरायची, तिथं जाऊ का?

फिजिओ, टिळकवाडी

संध्याकाळी थोडी सूज आणि रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरलेली, हे काही आठवडे, कधी काही महिने चालतं. पण पोटरी घट्ट होऊन दुखली, गरम-लाल झाली, सूज सकाळीही उतरली नाही, तर त्याच दिवशी दाखवा. पोटरीत गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तरी वाट बघू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पडल्यावर, विशेषतः डोक्याला लागल्यावर, "काही नाही झालं" म्हणून घरी बसू नका.

वॅक्सिन डेपोत झाडी छान, पण पावसाळ्यात चिखल आणि वर आलेली मुळं. ते दसऱ्यानंतर. कारनं जाता आलं तर किल्ला तलावाकाठची वाट त्यापेक्षा सपाट आहे. पाऊस नसलेल्या दिवशी, सकाळची गर्दी ओसरल्यावर, सोबत माणूस घेऊन जा. तिथला तिरंगा 110 मीटर उंच खांबावर आहे, तो थांबून बघायचा, चालता चालता नाही.

गणपतीचं म्हणाल तर झेंडा चौक सकाळी, पहिल्या दोन-तीन दिवसांत, कार जवळपर्यंत नेऊन. एकच गणपती. कपिलेश्वर तलावाकडची विसर्जनाची मिरवणूक यंदा टीव्हीवर.

वडगावची बाई

मान्य. चिरा मागूनच आहे, मुलानं फोन करून विचारलं. काठीचं रबर एका बाजूनं झिजलंय असं आज दिसलं. नवीन काठीच घ्यावी लागेल का?

निपाणीकर

नुसतं रबर मिळतंय की. औषधाच्या दुकानात, नाहीतर सर्जिकल सामानाच्या. जुनी काठी मुलाच्या हातात देऊन पाठवा, मापं वेगवेगळी असतात. दोन आणायला सांगा, पावसात लवकर जातंय.