मदत हवी आहे: वरच्या काकू, त्यांची कबुतरं आणि आमच्या घरातला खोकला

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको करत पंधरा दिवस गेले. प्रश्न कबुतरांचा आहे, पण खरी अडचण माणसांची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर काकू. काका जाऊन काही वर्षं झाली, मुलगा बंगलोरला. आमच्या घराची दुसरी किल्ली काकूंकडे असते. लेक पहिलीत असताना मला लोकलने दगा दिला की तिला वरणभात भरवून निजवलेलं आहे त्यांनी. बाजारातून येताना आमच्या दारातल्या स्टुलावर पाच मिनिटं टेकतात, "गुडघे गं" म्हणतात, पाणी पितात आणि वर जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण 'सरळ पोलिसांत द्या' म्हणणारे येतीलच.

तर काकू रोज सकाळी साडेसहाला बॉक्स ग्रिलमध्ये पत्र्याचा ट्रे ठेवतात. त्यात ज्वारी, चणाडाळ, रात्रीच्या पोळीचे तुकडे. सुरुवातीला पाच-सात पारवे यायचे (सासूबाई अजून पारवेच म्हणतात). आता मोजायचं सोडून दिलंय. ट्रे ठेवल्याचा टण्ण आवाज झाला की समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवरून सगळा थवा एकदम सुटतो. आमच्याकडे अलार्म लावत नाहीत.

वरून सांडलेलं धान्य आमच्या ग्रिलवर, तिथून तळमजल्याच्या पत्र्यावर आणि तिथून खाली. त्यामुळे खाली घुशी झाल्या. गेल्या पावसाळ्यात एका घुशीने स्कूटरची वायर कुरतडली. काकू दर रविवारी ग्रिलवर बादलीभर पाणी ओततात. म्हणजे त्यांच्या मते स्वच्छता. ते पाणी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येतं. शाळेचा पांढरा युनिफॉर्म मी आता घरात, पंख्याखाली वाळवते.

एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरटं झालं होतं. घरटं कसलं, झाडूच्या सात-आठ काड्या, केबलचा तुकडा, कुणाच्या तरी हेडफोनची वायर आणि या सगळ्याला सिमेंटसारखी धरून ठेवणारी वाळलेली विष्ठा. त्यात दोन पिल्लं. पिवळे केस उभे राहिलेली, डोक्यापेक्षा चोच मोठी. इतकं कुरूप बाळ मी दुसरं पाहिलेलं नाही, पण हात लावायचा धीर झाला नाही. सर्व्हिसिंगवाला मुलगा खिडकीतून वाकून बघून म्हणाला, "मॅडम, हे उडाल्यावर फोन करा." ती उडाली आणि तीन आठवड्यांत तिथेच पुन्हा दोन अंडी.

पितृपक्षातली गंमत सांगते. पान ठेवलं तर कावळा फिरकला नाही, वडे कबुतरांनी खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, आता पूर्वजांनी सवय करून घ्यावी.

हे सगळं आम्ही चालवून घेत होतो. पण सासूबाईंना चार महिने कोरडा खोकला होता. आधी ॲलर्जी, मग ॲसिडिटी, दोनदा अँटिबायोटिक. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. मग एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) झाला. निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे फुप्फुसांना ॲलर्जीसारखी येणारी सूज. सुरुवातच आहे, आटोक्यात येईल म्हणाले, पण कबुतरांपासून लांब राहायला हवं. दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये लांब म्हणजे कुठे, ते काही सांगितलं नाही.

काकूंशी बोलले. रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त पंचाईत झाली. म्हणाल्या, "अगं, माझ्या हौसेचं नाही हे. पत्रिका बघणाऱ्यांनी सांगितलंय, पक्ष्यांना दाणे घाला, मुलाचं लग्न ठरेल." मुलगा छत्तीस वर्षांचा आहे. चेअरमनना विचारलं, तर ते "आपसात मिटवा" म्हणून मोकळे. त्यांची खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

नुसत्या आमच्या घराला जाळी लावून भागेल का? काकूंना न दुखावता हे बंद कसं करायचं? आणि सोसायटीकडे लेखी तक्रार केली तर तिला काही अर्थ असतो का?

चहाटळ: मुलाचं लग्न ठरवा. धागा बंद.

निवांत बसलेला: आमच्याकडे सगळे प्रयोग करून झालेत. जुन्या सीडी टांगल्या, दोन दिवस घाबरली. प्लास्टिकचं घुबड आणलं, आठवड्याने त्याच्या डोक्यावर बसलेलं कबुतर बघितलं. रबरी साप, डांबरगोळ्या, कापूर, सगळं फुकट. काटेपट्टी लावली तर काट्यांत काड्या अडकवून त्यावरच घरटं केलं, पाया आयता मिळाला. जाळीच लावा. आणि विष घालायचा सल्ला कुणी देईल, त्याच्या नादी लागू नका. तो क्रूरतेचा गुन्हा होतो.

माजी सेक्रेटरी: बारा वर्षं सोसायटीची दप्तरं सांभाळली आहेत, म्हणून लिहितो. चेअरमनचं 'आपसात मिटवा' हे उत्तर नव्हे. सभासदाने इतरांना उपद्रव होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, हे आपल्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) आहे. डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडून कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार ही तक्रार नसते. कमिटी हललीच नाही तर सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत, वाद वाढला तर १९६०च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. वरळीच्या एका सोसायटीत बाल्कनीतून पक्ष्यांना खायला घालण्यावर शेजाऱ्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई आणली होती. ती २०१९ला सुप्रीम कोर्टातही टिकली.

पण ताई, या वाटेला वर्षं लागतात आणि जिना रोज चढायचा असतो. अर्ज द्या तो चेअरमनला हलवण्यासाठी.

टेरेसवरची तुळस: दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला ते लक्षात आहे ना? ऑगस्ट २०२५. लोकांनी ती फाडली, केवढा गोंधळ झाला. हायकोर्टाने दाणे घालण्यावरची बंदी उठवली नाही, सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही. माहीमला रस्त्यावर दाणे टाकणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हासुद्धा नोंदवला होता. मुंबईत सार्वजनिक जागी दाणे टाकले तर तेव्हा ५०० रुपये दंड होता. पुढे ऑक्टोबरअखेर पालिकेने चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ तात्पुरती परवानगी दिली, त्यातली एक जागा तुमच्याच बाजूची, ऐरोली-मुलुंड चेकनाका. काकूंना पुण्य हवंच असेल तर तिकडे जाता येईल.

मुलुंडकरीण (धागाकर्ती): तुळस, सुचवून बघितलं. "एवढ्या लांब? माझे गुडघे बघतेस ना?" हे उत्तर मिळालं. आणि खरं सांगू का, आपल्याकडचा त्रास दुसऱ्यांच्या नाक्यावर नेऊन टाकायचा, हेही मला पटत नाही.

चहाटळ: मग पत्रिकावाल्याला गाठा. पक्ष्यांऐवजी गाईला चारा सांगा म्हणावं. गाय तिसऱ्या मजल्यावर येत नाही.

स्टेथोस्कोप: मी फिजिशियन आहे, छातीविकारतज्ज्ञ नाही. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अंतिम धरा. हा आजार जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने फरक न पडणं साहजिक होतं. पिसांवरची पूड आणि वाळलेली विष्ठा हवेतून आत जाते, काही लोकांचं शरीर तिच्यावर उखडतं. एकाच घरात एकाला होतो, बाकीच्यांना काही नाही. वेळेत संपर्क तुटला तर फुप्फुस बरंचसं सावरतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर व्रण धरतात, आणि ते मागे फिरत नाहीत.

साफसफाई सासूबाईंनी अजिबात करू नये. जो करेल त्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, आधी विष्ठा पाण्याने चांगली भिजवावी, मगच खरवडावी. कोरड्या झाडूने झाडणं सगळ्यात वाईट, सगळी पूड घरात येते. पडदे धुवा, एसीचे फिल्टर काढून धुवा.

आता मला एक विचारायचं आहे. सगळे सासूबाईंबद्दल बोलतायत. तो ट्रे रोज जवळून हाताळतं कोण? काकूंना खोकला आहे का?

निवांत बसलेला: जाळीबद्दल राहिलं होतं. नायलॉनची घ्या, पारदर्शक, पन्नास मिलिमीटरची भोकं कबुतरांना पुरे. लावायच्या दिवशी ग्रिलमध्ये आणि एसीमागे पिल्लू राहिलेलं नाही ना ते बघा. आमच्या शेजारी एक आत अडकलं, आई बाहेरून दोन दिवस धडका देत होती. अंड्यांतून पिल्लं यायला अडीच आठवडे, उडायला आणखी चार-पाच. तेवढं थांबा. रिकामी जागा मिळाली की मात्र काड्या रोज उचलायच्या, एक दिवससुद्धा सुट्टी नाही. बाई चिकाटीची असते.

मुलुंडकरीण (धागाकर्ती): स्टेथोस्कोप, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

काकूंना खोकला आहे. "हवा बदलली" म्हणतात, पण ती दिवाळीपासून बदलतेच आहे. आज त्या भाजी घेऊन आल्या, नेहमीप्रमाणे स्टुलावर बसल्या. पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांचा हात गुडघ्यावर नव्हता. दोन्ही हात स्टुलाच्या कडेला रोवून, खांदे वर उचलून, तोंडाने श्वास घेत होत्या. "गुडघे गं" हे दोन शब्द बोलायलासुद्धा मध्ये थांबावं लागलं. मी वर्षभर ते गुडघेच समजत होते. आमच्या दारात बसायच्या त्या, आणि मी मनात त्यांच्या ट्रेचा हिशेब करत होते.

मुलाला बंगलोरला फोन केला. त्याला धाप माहीत नव्हती आणि दाण्यांचं कारणही माहीत नव्हतं. आधी हसला, मग बराच वेळ गप्प. म्हणाला, लग्न करायचंच नाही हे आईला तीनदा सांगून झालंय. तो त्यांचा प्रश्न, मी त्यात पडले नाही. दोन्ही घरांच्या जाळीचे पैसे तो देतोय, आणि शनिवारी सासूबाईंच्या फेरतपासणीला काकूंनाही घेऊन जा म्हणाला.

काकूंना सांगितलं, की सासूबाईंना सोबत हवी आहे, चला. लगेच तयार झाल्या. सोबत म्हटलं की त्या कधी नाही म्हणत नाहीत. दाण्यांचा विषय काढलेला नाही. डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतात तो त्यांनीच विचारावा.

माजी सेक्रेटरी, अर्ज लिहून ठेवलाय, पण काकूंच्या नावाने नाही. तळमजल्यावरच्या घुशी आणि डक्टमधली घाण यांबद्दल सगळ्या बिल्डिंगचा म्हणून, सहा घरांच्या सह्या झाल्या. चेअरमननाही सही करायला सांगणार आहे.

स्टेथोस्कोप: काकूंना ट्रे किती वर्षांपासून ठेवतायत ते तारखेनिशी विचारून ठेवा, डॉक्टर विचारतील. जिना चढताना किती पायऱ्यांवर थांबावं लागतं तेही मोजा.

मुलुंडकरीण (धागाकर्ती): अठरा. आजच मोजल्या.

जाळीवाला रविवारी माप घ्यायला येतोय. आमची आतून लागेल, पण काकूंचं ग्रिल जुनं आहे, पट्ट्या गंजल्यात, आत उभं राहता येणार नाही म्हणाला. बाहेरून झुला टाकावा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे. आणि आमच्या एसीमागच्या अंड्यांतून परवाच पिल्लं आलीत, म्हणजे आमची जाळी महिनाभर पुढे. तोवर नुसती काकूंची लावून घेतली तर उपयोग होईल की सगळी खाली आमच्याकडेच उतरतील? कुणी असं एकाआड एक केलंय का?