कासाब्लांका: कुठे पाहिलात, कोणाबरोबर, आणि डोक्यात काय राहिलं?

रातराणी_४११

काल रात्री वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. टीव्हीवर बारीक आवाजात 'कासाब्लांका' लागलेला, १९४२ चा तो अमेरिकन सिनेमा: नाझींपासून पळून मोरोक्कोत अडकलेली, अमेरिकेची वाट शोधणारी माणसं आणि रिकचा कॅफे. बराचसा पाठ आहे, त्यामुळे लक्ष नव्हतं. तेवढ्यात ते म्हातारं जोडपं आलं. कार्ल वेटर त्यांच्यासाठी उंची ब्रँडी घेऊन येतो, कारण त्यांची अमेरिकेला निघायची वेळ आलेली. आता आपसांतही इंग्रजीच बोलायचं असं दोघांनी ठरवलेलं. आजोबा विचारतात, "व्हॉट वॉच?" आजी म्हणते, "टेन वॉच." आजोबा चकित, "सच मच?" झालं. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग.

माझ्या हातात आईचा परकर होता, तो तसाच राहिला.

२००३ साली दादाकडे न्यू जर्सीला जायचं म्हणून आईबाबांनी अगदी हेच सुरू केलं होतं. बाबांचं इंग्रजी फायलीपुरतं, आई सातवी पास. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम स्वैपाकघरात चालायची. बाबा ओट्याला टेकून साहेब व्हायचे. "व्हॉट इज युवर सन डुइंग?" आई कणीक मळता मळता, "माय सन इज डुइंग कॉम्प्युटर." "व्हेरी गुड. नाऊ गिव्ह पोळी." मुलाखतीच्या दिवशी खिडकीपलीकडून दुभाषी हवा का विचारलं, तर आई ठसक्यात म्हणाली, "नो नो, आय इंग्लिश." आणि मिळाला की व्हिसा!

बाबा २०११ ला गेले. आई आता माझ्याकडे असते.

कॅफेवाला रिक आणि त्याची जुनी प्रेयसी इल्सा यांच्याबद्दल सगळेच बोलतात. मला तुमचे हे असले कोपरे हवेत. लिहा.

मिरचीठेचा

पहिली! कुकर लावून निवांत वाचते.

पावटा

"नाऊ गिव्ह पोळी" 😂😂 आमच्याकडे आजपासून हेच.

गिरगावचा_म्हातारा

सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीत पाहिला. वर्गणी भरलेली, पंखे बंद, सोळा मिलिमीटरची प्रिंट. तीन रिळं. ऑपरेटरने पहिल्यानंतर तिसरं लावलं. कोणाला कळलं नाही, कळलं असेल तर बोललं नाही, कारण न बोलणं हेच तेव्हा रसिकतेचं लक्षण. विमान उडालं, धुकं, पडद्यावर 'द एन्ड'. लोक चपला शोधायला लागले तर मागून ओरडला, "बसा बसा, अजून एक रीळ राहिलंय!"

बसलो. मग रिक अंधारात एकटा पीत बसलेला, पियानोवाल्या सॅमला गाणं वाजवायला लावतो, पॅरिसची आठवण. आम्ही म्हटलं वा, बाईला विमानात बसवून दिल्यावर आता कढ आलाय. पुढे ती बाई बाजारात लेसचं कापड बघताना दिसली, तेव्हा शेजारचा कुजबुजला, "परत आली." शेवटी रिक त्या बल्गेरियन पोरीच्या नवऱ्याला रूलेटच्या जुगारात बावीस नंबरावर जिंकवून देतो आणि सिनेमा खलास. म्हणजे त्याग केला, रडला, प्यायला, सुधारला. आम्हाला पूर्ण पटलं. बाहेर चहावर तासभर चर्चाही केली की अमेरिकन दिग्दर्शकाने काळाची मोडतोड काय धाडसाने केली आहे.

दहा वर्षांनी व्हिडिओवर सरळ पाहिला. खरं सांगतो, आमचा क्रम बरा होता.

शब्दखुळी

काका 🙏 चहा डोळ्यांतून आला.
दिग्दर्शक हंगेरियन होता पण. मायकेल कर्टिझ, बुडापेस्टचा.

गिरगावचा_म्हातारा

बरोबर. चर्चेत तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

बोस्टनचा_बाळ्या

केंब्रिजला ब्रॅटल नावाचं जुनं थिएटर आहे. पन्नाशीच्या दशकापासून हार्वर्डची पोरं परीक्षेच्या दिवसांत तिथे हा सिनेमा बघायची, मोठ्याने संवाद म्हणत. आता व्हॅलेंटाइनच्या आसपास लावतात. आम्ही चौघे गेलो होतो, सगळे एकटे, सगळे विद्यार्थी व्हिसावर. सगळं थिएटर हसत होतं आणि आमच्यातला एक दर वेळी 'ट्रान्झिटची पत्रं' (सिनेमातला देश सोडायचा परवाना) हे शब्द आले की खुर्चीत सरकायचा. त्याचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का, अडकलं होतं. आईच्या ऑपरेशनला जाऊ शकला नव्हता, गेला असता तर परत येण्याचा भरवसा नाही.

ती पत्रं काल्पनिक आहेत, तसा कागद कधी नव्हताच, असं नंतर वाचलं. त्याला सांगितलं तर म्हणाला, माझा तरी कुठे आहे.

निवांत_नाशिक

बाळ्या, मित्राचं झालं का काम पुढे? माझ्या जावयाचं पण वकिलातीने गुलाबी चिठ्ठी देऊन अडकवलंय, चार महिने झाले. मुलाखतीचा स्लॉट कुठला घेतला होता?

बोस्टनचा_बाळ्या

झालं हो काकू, वर्षभराने. स्लॉटचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

घडीचा_डाव

एक प्रश्न वर्षानुवर्षं छळतोय. इल्साचा नवरा लाझ्लो छळछावणीतून पळालेला, अर्धा युरोप जर्मन मागावर. मग तो पांढरा सूट इस्त्री कोण करून देतं त्याला? माझे यजमान ठाण्याहून दादरला गेले तरी शर्ट पिळून ठेवल्यासारखा.

शब्दखुळी

😂 इस्त्रीसाठी तरी मी लाझ्लोबरोबर गेले असते. तसंही मी लाझ्लोच्याच बाजूची. रिक पहिल्या अर्ध्यात नुसता कुढतो. इल्सा झालेल्या बर्गमनने विचारलं होतं म्हणे, माझं खरं प्रेम दोघांतल्या कोणावर? उत्तर मिळालं, मधलं काहीतरी कर. आणि तिने ते केलं पण! चेहरा बघा तिचा, कुठल्याच बाजूला पडत नाही.

पावटा

रिक झालेला बोगार्ट तिच्यापेक्षा बुटका होता ना? बुटाखाली काहीतरी लावायचे.

शब्दखुळी

हो, आणि बसवताना उशी. आमच्या लग्नातल्या फोटोंतही हाच प्रकार आहे, पाट दिसू नये म्हणून शालू पसरलाय. विषय बंद.

नोंदवही

धागाकर्तीने कार्लचं लिहिलं म्हणून. तो करणारा एस. झेड. साकॉल हंगेरियन ज्यू. त्याच्या तिन्ही बहिणी छळछावण्यांत गेल्या. नाझी अधिकारी मेजर स्ट्रॉसर करणारा कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे १९३३ ला जर्मनी सोडून आलेला, बायको ज्यू होती. आयुष्यभर ज्यांच्यापासून पळाला त्यांचाच गणवेश चढवून कॅमेऱ्यासमोर उभा. सिनेमा आला आणि थोड्याच महिन्यांत, एप्रिल १९४३ मध्ये, वारला.

श्रेयनामावलीतल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: बोगार्ट, सॅम झालेला डूली विल्सन, आणि ती बल्गेरियन पोरगी झालेली जॉय पेज.

आता रूलेटवाला. बावीस नंबर आणून देतो तो. मार्सेल दालियो, पॅरिसचा मोठा नट. १९४० ला बायकोसकट पळाला, लिस्बन गाठलं, चिलीचे व्हिसा मिळवले. बोट मेक्सिकोला लागली तेव्हा कळलं, व्हिसा खोटे आहेत. त्याची बायको मादलेन लबो म्हणजे सिनेमातली इव्होन. जर्मन अधिकारी गाणं म्हणत असतात, लाझ्लो बँडला ला मार्सेयेज, फ्रान्सचं राष्ट्रगीत, वाजवायला सांगतो, रिक नुसती मान हलवतो, आणि अख्खा कॅफे उभा राहतो. त्यात गिटारवालीनंतर हिचा चेहरा बघा. गाल ओले आहेत, गाणं गळ्यातून फुटून येतंय. ते ग्लिसरीन वाटत नाही.

रातराणी_४११

नोंदवही, हे माहीत नव्हतं. कार्ल ब्रँडी ओततो तेव्हाचं त्याचं हसू आता वेगळंच दिसणार. आज परत लावते.

वडणगेकर

आम्ही कोल्हापूरकडचे. सिनेमा उशिरा पाहिला, पण ती नुसती वाट बघत बसलेली माणसं पाहून आजी आठवली. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार लोक, बायका-पोरं जास्त. आजीचं माहेर जवळच. ती सांगायची, गोऱ्या बायका बाजारात येऊन बोटांनी भाव करायच्या आणि हळूहळू 'किती' आणि 'महाग' एवढं शिकल्या. त्यातली एक आजीच्या आईकडून दूध न्यायची आणि रोज विचारायची काहीतरी, कोणाला कळायचं नाही. पुष्कळ दिवसांनी कळलं, ती पत्र आलं का विचारत होती. दूधवाल्यांना!

ते गेले, मग फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित तिथेच आले. आता गांधीनगर. कापड घ्यायला सगळे तिथेच जातो.

डोंगरवाट

गांधीनगरला साडीचं कुठलं दुकान चांगलं? लग्नाचा बस्ता आहे.

वडणगेकर

व्यनि बघा.

तिरका_कोन

विरजण घालतो. मोरोक्कोत घडणारा सिनेमा, त्यात मोरोक्कन माणूस किती? दारावरचा अब्दुल, तोही अमेरिकन नट. बाकी फेरीवाले आणि फेज टोप्या. मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात, १९५६ पर्यंत. मग ला मार्सेयेज ऐकून अब्दुलने का रडायचं? शूटिंग ३ ऑगस्ट १९४२ ला संपलं आणि पाच दिवसांनी आपल्याकडे गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला. हे डोक्यात ठेवून ते गाणं ऐका.

तरी अंगावर काटा येतोच, हेही कबूल. तीच तर पंचाईत.

नोंदवही

सहमत. पण फ्रेंच पोलीस अधिकारी रेनो शेवटी व्हिशीच्या पाण्याची बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकून वर लाथ मारतो, ती जर्मनांपुढे झुकलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारलाच होती. सिनेमाला तेवढंच राजकारण परवडत होतं. नोव्हेंबर ४२ मध्ये दोस्तांचं सैन्य खऱ्या कासाब्लांकात उतरलं, तेव्हा स्टुडिओने घाईने त्याच महिन्यात न्यूयॉर्कला खेळ लावला. जानेवारीत सगळीकडे लागला तर तिथे रूझवेल्ट-चर्चिल बैठकीला बसलेले. एवढी फुकट जाहिरात कोणाला मिळते!

फिरस्ती

खऱ्या कासाब्लांकाला जाऊन आले. तिथे रिक्स कॅफे आहे, पण २००४ सालचा. एका माजी अमेरिकन राजनैतिक अधिकारी बाईने जुना वाडा घेऊन सुरू केला. सिनेमाचं शूटिंग सगळं कॅलिफोर्नियात, तिकडचं कोणी तिथे फिरकलंसुद्धा नाही. कमानी, पितळी दिवे, पियानो, सगळं हुबेहूब. आमच्या सासूबाईंनी सिनेमा पाहिलेला नव्हता. मेनूवरचे भाव बघून पर्समधून दशम्या काढल्या. वेटर आला. मी मेले आता, असं वाटलं. त्याने चटणीसाठी वाटी आणून दिली.

पावटा

शेंगदाण्याची का लसणाची?

फिरस्ती

लसणाची. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईने पण घेतली.

पेटीवाला

सॅमचे हात बघू नका. विल्सन ढोलवादक, पियानो त्याला येतच नव्हता, वाजवणारा दुसराच. मी साथीला बसतो त्यामुळे मला बोटं बघायची खोड, पूर्ण गाण्याचा विचका झाला. आणि 'प्ले इट अगेन सॅम' असं सिनेमात कोणीही म्हणत नाही. पैज लावून जेवणं जिंकलीत यावर.

विंगेतला

शेवटचं विमान छोटं कटआउट होतं, लांबचं वाटावं म्हणून भोवती बुटकी माणसं उभी केली, आणि लबाडी झाकायला धुकं. हे वाचून आम्ही स्पर्धेच्या नाटकात नेपथ्याचा मोडका जिना झाकायला धूर सोडला. मीच सोडला. जिना झाकला, नायक झाकला, आणि पहिल्या रांगेतले तिन्ही परीक्षक खोकत बाहेर गेले. उत्तेजनार्थसुद्धा नाही.

निवांत_नाशिक

विंगेतला 😂 बाळ्या, मिळाला व्यनि. जावयाला पाठवला. देव तुझं भलं करो.

रातराणी_४११

आत्ता आईला तो प्रसंग दाखवला, फोनवरच. चष्मा लावून बघितला. मला वाटलं बाबांची आठवण निघेल. तर म्हणाली, "आमचं यांच्यापेक्षा बरं होतं."

मिरचीठेचा

शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचा लगदा झाला, तुम्ही सगळे जबाबदार. आता सांगा, हा सिनेमा बघायचा कुठे? मी पाहिलेलाच नाही.