मलावी सरोवर: लॉजवरची संध्याकाळ

प्रश्न: जूनमध्ये लिकोमा बेटावर सौरविजेवरच्या लॉजमध्ये तीन रात्री आहोत. संध्याकाळसाठी काय तयारी ठेवू?

उत्तर १: सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, अर्ध्या तासात मिट्ट काळोख. फोन, बॅटरी दुपारीच चार्ज करा. तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे; आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर न्या.

उत्तर २: मच्छरदाणी उजेड असतानाच गादीखाली खोचा. कोपरा सुटला की डास आत, मग रात्रभर टाळ्या! मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू करा.

उत्तर ३: लव्हाळ्यांजवळच्या संथ, उथळ पाण्यात उतरू नका, गोगलगायींमधून येणाऱ्या परजीवी जंतांमुळे बिल्हार्झिया हा आजार होतो. पाण्यावर धुरासारखे ढग दिसले तर घाबरू नका, ते चिलटांचे थवे; ती चिलटं चावत नाहीत. स्थानिक लोक त्यांच्या वड्या थापून खातात.