'आंबट' म्हटलं की बिघडल्यासारखं वाटतं : लँबिकच्या चवीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
भावाने ब्रसेल्सहून ग्यूझची, म्हणजे लँबिक जातीच्या बेल्जियन बिअरची, बाटली आणली आहे. ती उघडताना घरच्यांना वाचून दाखवायला चार ओळी मराठीत लिहायला घेतल्या आणि पहिल्याच शब्दाला अडलो. 'आंबलेली बिअर' लिहिलं तर ताई म्हणाली, "आंबलीये तर पिता कशाला?" 'आंबट बिअर' म्हटलं तर लिंबू पिळल्यासारखं वाटतं. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १ :
तुमच्या ताईंचा कान पक्का आहे. इडलीचं पीठ आंबलं की आपण खूश होतो, वरण आंबलं की ओतून देतो. क्रियापद तेच, पण ते कशाला लावलं यावर सगळं ठरतं. 'आंबवलेली' म्हणूनही भागणार नाही, कारण तशी प्रत्येक बिअर आंबवलेलीच असते. शिवाय 'आंबवणे' म्हटलं की आंबवणारा आला, मोजून यीस्ट घालणारा. लँबिकमध्ये नेमका तोच नसतो.

ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येचा पायोटेनलांट हा लँबिकचा मुलूख. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या दिवसांत बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा गोड काढा करतात. जुने, कडवटपणा उडालेले हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) घालून तो उकळतात आणि परातीसारख्या उथळ, रुंद हौदात रात्रभर उघडा ठेवून मग लाकडी पिंपांत भरतात. हवेतलं, पिंपांच्या लाकडातलं यीस्ट आणि जंतू आपले येऊन कामाला लागतात. विरजण नाही, काही नाही. यासाठी मराठीत सुंदर शब्द तयार आहे : आपसूक. मी लिहीन, 'आपसूक आंबलेली'.

दुसरा शब्द 'तार सुटणे'. पिंपात ठेवलेल्या लँबिकला मधल्या काळात कधीकधी खरोखरच तार सुटते. पेडिओकॉकस नावाचे जंतू ती बुळबुळीत करून सोडतात. आपल्या स्वयंपाकघरात तार सुटली की विषय संपला. तिथे मात्र थांबतात, कारण ब्रेटानोमायसिस हे यीस्ट पुढच्या काही महिन्यांत ती सगळी बुळबुळ खाऊन टाकतं. या थांबण्याला आपल्याकडे 'मुरणे' म्हणतात. ग्यूझ म्हणजे साधारण एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लँबिकचा मेळ. तरुण लँबिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, तिच्यामुळे ती बाटलीत पुन्हा फसफसते. लोणच्याला लावतो तो शब्द इथे जरासुद्धा ओढूनताणून वाटत नाही.

आता प्रत्यक्ष चव. ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागात कांतियों ही १९०० सालची ब्रुअरी आहे, १९७८पासून तिथेच ग्यूझचं संग्रहालयही आहे. तिथे नुसत्या लँबिकचा पेला हातात आला तेव्हा त्यावर फेस नव्हता. रंग फिकट सोनेरी. नाक जवळ नेलं आणि मला माझ्या आजोळची ओली घोंगडी आठवली. इंग्रजी जाणकार या वासाला घोड्याच्या पाठीवरचं ब्लँकेट म्हणतात. भाषांतर करून 'घोड्याची झूल' लिहू नका, मराठी नाकाला घोंगडीच कळते. पण 'घोंगडीचा वास' लिहिलंत की ती तक्रार होते, कारण हल्ली 'वास येतोय' म्हणजे घाणच. 'दर्प' त्याहून वाईट. 'झाक' लिहा : घोंगडीची झाक, कापलेल्या गवताची झाक.

मग घोट. आधी दात आंबले, कैरीने आंबतात तसे. त्यानंतर निवळ ताकाचा आंबूसपणा, जिभेच्या कडांना लाकडाची तुरट ओढ. गोडवा कुठेच नाही. 'ड्राय'साठी लोक 'कोरडी' लिहितात ते मला पटत नाही. आपण चहाला 'अगोड' म्हणतो, तोच शब्द इथे चालवा.

'आंबटढाण' जपून वापरा. शिरक्यासारखं नाकाला झोंबायला लागलं तर ग्यूझमध्ये तो दोषच. बेल्जियममधल्याच रूसलार गावच्या रोडेनबाखसारख्या तांबड्या फ्लेमिश बिअरमध्ये मात्र शिरक्याची किंचित कड हवीच असते, ती जात वेगळी.

प्रतिसाद २ :
'आपसूक' फार आवडला. पण 'आंबूस' वर माझा आक्षेप आहे. आमच्याकडे मालवणात आंबूस म्हणजे आंबायला लागलेलं, सकाळची भाजी संध्याकाळी लागते तसं. ताकाच्या आंबटपणाला आम्ही 'आंबटसर' म्हणतो.

प्रतिसाद १ :
मान्य. आमच्या घाटावर आंबूस ताक आवडीने पितात, पण सगळीकडे चालेल असा शब्द 'आंबटसर'च. माझा शब्द मागे घेतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. आत्ता असं लिहिलंय : "आपसूक आंबलेली, तीन वर्षांपर्यंत मुरलेली. नाकाला ओल्या घोंगडीची झाक, जिभेला आंबटसर, शेवटी तुरट आणि पूर्ण अगोड. पहिल्या घोटाला दात आंबतील, दुसरा घ्या." ताईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "घोंगडी धनगराकडची की दुकानातली?" मी म्हटलं, धनगराकडची. मग म्हणाली, अर्धा पेला दे.

भाऊ क्रीक नावाची लँबिकही आणणार आहे. तिच्यात आंबट चेरी बियांसकट भिजत घालतात आणि बियांमुळे मागाहून बदामासारखं काहीतरी लागतं म्हणे. घोट गिळल्यावर मागून येणाऱ्या चवीला कोणाच्या घरी काही शब्द आहे का?