इंजिन ऑईल जातंय कुठं? तुमचे अनुभव सांगा

समर्थमंदिर_सातारा
परवा खंबाटकी चढताना पुढच्या जुन्या गाडीचा निळा धूर अंगावर आला आणि आबांची पेट्रोल गाडी आठवली. घरातली पहिली गाडी, लिहिल्याशिवाय राहवेना.

सारखं ऑईल टाकावं लागायचं, खाली मात्र थेंब नाही. रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकायचो, सकाळी कोरडा. ज्याला दाखवू तो म्हणायचा रिंग-पिस्टन गेले, इंजिन उतरवा, बोअर करा. तेवढी ऐपत नव्हती, आबा गप्प व्हायचे. मग करंज्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एवढंच विचारलं, "धूर चढाला मारते का उतार संपल्यावर?"

यवतेश्वर घाट पाय काढून उतरायचो आणि खाली येऊन ॲक्सिलेटर दिला की मागं निळा लोट. सकाळच्या पहिल्या स्टार्टला पण. मिस्त्री म्हणाले, वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांडीवरची रबरी टोपी) बघू. पाय काढून उतरताना इंजिनात व्हॅक्यूम वाढतो, कडक झालेल्या सीलमधून वॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल खाली ओढलं जातं आणि पाय देताच जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, लोडवर सारखा धूर राहिला असता.

हेड न उतरवता काम झालं. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवली, म्हणजे वॉल्व्ह आत पडत नाही, मग स्प्रिंगा काढून एकेक सील उपसलं. त्यातलं एक माझ्या हातावर ठेवलं. रबर असून नख रुतत नव्हतं, चिमटीत दाबलं तर तुकडाच पडला.

ऑईल बाहेर जातंय का आत जळतंय हे ठरल्याशिवाय कुणी इंजिन खोलू देऊ नये, असं मनापासून वाटतं. तुमचं काय झालं, लिहा.

कुपवाडकर
छान लिहिलंय. आमचं उलटं, ढिगानं गळायचं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत होतं. क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल असं सांगितलं. माझा भाऊ फिटर आहे, तो म्हणाला आधी धू. डिझेल-ब्रशनं सगळं इंजिन धुतलं, वाळवलं, वरून टाल्कम पावडर मारली आणि मिरजेपर्यंत फेरी मारून आलो. पावडरीत ओली रेघ स्पष्ट उठलेली, पार टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यापासून खाली सांध्यापर्यंत. पॅकिंग बदललं, विषय संपला. ऑईल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं सरकतं. जिथं ठिबकतं तिथं बिघाड असेलच असं नाही.

गावभाग_सांगली
+१ पावडरीला

मिरजेची_ताई
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका समजून घ्या. सर्व्हिसिंग करून गाडी घेतली, सांगली रोडला आले आणि लाल दिवा. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागं रस्त्यावर काळा पट्टा. नवीन फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती, त्यावर नवीन रिंग, दोन्ही मिळून दाबानं सरकल्या. आता फिल्टर बदलताना मी समोर उभी राहते आणि जुनी रिंग दाखवा म्हणते. कुणाला राग आला तर येऊ दे.

कुपवाडकर
ताई, लगेच बंद केलंत म्हणून इंजिन वाचलं. तो दिवा ऑईलच्या पातळीचा नाही, प्रेशरचा. पेटला म्हणजे बेअरिंगला ऑईल पोचत नाहीये. घर जवळ आहे म्हणून लोक रेटतात आणि तेवढ्यात क्रँक धरतो, म्हणजे जाम होतो.

जत_पूर्वभाग
आमच्या भावजींच्या डिझेल जीपला तर लयच वाईट झालं हुतं. टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) सील गेलं, ऑईल इंटरकूलरच्या पायपातनं सरळ इंजिनात. इंजिन आपलंच ऑईल जाळून बोंबलायला लागलं. चावी काढून हातात घेतली तरी बंद हुईना! सगळीकडं पांढरा-निळा धूर. भावजींनी डोकं चालवलं, टॉप गिअर टाकला, ब्रेक गच्च दाबला आन क्लच सोडला, तवा कुठं बंद पडलं. पायपात जरा वलसरपणा चालतुय म्हणं, पण वाटीभर ऑईल निघालं तर टर्बो तपासा.

समर्थमंदिर_सातारा
बापरे. भावजी सुखरूप ना?

जत_पूर्वभाग
हो हो, झाक हायत. आता बागायत बघत्यात.

हरिपूर_रोड
थोडं वेगळं आहे, पण सांगते. २०१९ च्या पुरात आमची गाडी पाण्यात होती. पाणी उतरल्यावर सगळे म्हणाले स्टार्ट तर करून बघा. आमच्या अण्णांनी चावीला हात लावू दिला नाही. डिपस्टिक काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. टोचन करून गॅरेजला नेली. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) नट ढिला केला तर आधी नुसतं गढूळ पाणी आलं, ऑईल नंतर, कारण पाणी जड, ते तळाला बसलेलं. शेजाऱ्यांनी स्टार्ट केली होती, त्यांचं ऑईल दुधाच्या कॉफीसारखं झालेलं आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला. त्या दिवसांत गाडीचं कुणाला सुचत होतं, घरातला चिखल उपसण्यातच सगळे. अण्णा होते म्हणून.

गावभाग_सांगली
ताई, आम्ही पण तिथंच होतो. पहिल्या मजल्यावर. नको ती आठवण.

मिरजेची_ताई
🙏

कराड_कोल्हापूर_नाका
पातळी वाढण्यावरून आठवलं. बीएस६ डिझेलवाल्यांनी हे पण लक्षात ठेवा. गाडी फक्त गावात दोन-तीन किमी फिरत असेल तर डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून साफ होणं, अर्धवट राहतं, त्यासाठी जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतं, माणूस खूश होतो. वास घ्या, डिझेलचा येईल. ते ऑईल पातळ झालेलं असतं, बदलावंच लागतं. आमच्या शेजारच्या गुरुजींना सांगितलं, आता ते रविवारी हायवेनं साताऱ्याला जाऊन येतात.

पाचगणी_घाट
गुरुजींना म्हणावं येताना कंदी पेढे आणा

गावभाग_सांगली
आणि इकडं आले तर भडंग आमच्याकडून

वाई_गणपती_घाट
सगळं वाचलं. एक विचारायचंय. नवीन पेट्रोल गाडी, टर्बो आहे, हजार किमीला साधारण पाव लिटर कमी होतं. सर्व्हिस सेंटरवाले नॉर्मल म्हणतात. घरचे म्हणतात फसवतात.

कुपवाडकर
काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किमीला अर्धा ते एक लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. तुमचं पुस्तक बघा. पण खप वाढतोय का ते महत्त्वाचं. दर वेळी त्याच सपाट जागी, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा, पट्टी एकदा पुसून परत घाला. तारीख, किलोमीटर, किती टाकलं, वहीत लिहा. पसरणी घाट उतरून लगेच बघू नका, ऑईल वरच असतं. आणि ब्रीदरचा पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनात कोंडलेला वायू बाहेर सोडणारा) आधी तपासायला सांगा. तो चोंदला तर आतला दाब वाढून सगळीकडच्या सीलमधून ऑईल बाहेर पडतं, उघडा अडकला तर ओढून जाळतं. इंजिनाच्या मानानं पार्ट किरकोळ आहे.

वाई_गणपती_घाट
मन:पूर्वक आभार दादा. वही आजच घालतो. खुणेच्या वर गेलं तर चालतं का, थोडं जास्तच टाकून ठेवलं तर?

कुपवाडकर
नको. क्रँक ऑईलमध्ये फिरून फेस होतो, मग पंप हवा ओढतो. दोन खुणांच्या मध्ये असलं की बास.

जत_पूर्वभाग
कुपवाडकर, तुमच्या भावाचं गॅरेज हाय का? आमची दुसरी जीप दाखवायचीय. व्यनि (खाजगी निरोप) करतो.