स्टार्टअप टेस्ट ६५ मिलिसेकंदांचा उतार (म्हणजे ॲप उघडायला तितका जास्त वेळ) दाखवते, माझ्या मशीनवर दिसत नाही. शोध कुठून सुरू करू?

आमचं लिनक्सवरचं डेस्कटॉप ॲप आहे. दर मर्जनंतर (नवा बदल मुख्य कोडमध्ये गेल्यावर) सीआयवर, म्हणजे आपोआप टेस्ट करणाऱ्या यंत्रणेवर, टेस्ट चालते: ॲप वीस वेळा उघडायचं, पहिली विंडो दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा, मीडियन (मधला आकडा) घ्यायचा. मंगळवारी मीडियन ८४० वरून ९०५ मिलिसेकंदांवर गेला, अलर्ट आला, आणि आकडा तेव्हापासून तिथेच आहे. अलर्टच्या टप्प्यात १४ कमिट्स (कोडमधले नोंदवलेले बदल). त्यातलं एक माझं, म्हणून तिकीट माझ्याकडे आलं. मी फक्त सेटिंग्जच्या पानात बदल केलाय, ते पान सुरुवातीला उघडतही नाही. लॅपटॉपवर जुना-नवा बिल्ड सारखाच उघडतो, पर्फ या प्रोफाइलरचा फ्लेमग्राफही (कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला त्याचं चित्र) जवळपास तोच. पण "माझ्याकडे होत नाही" असं लिहून तिकीट बंद करणं मला पटत नाही. वापरणाऱ्याला हा उशीर रोज सोसावा लागणार. कोणतं टूल घेऊ, कुठल्या क्रमाने जाऊ?

प्रतिसाद १
टूल नंतर. आधी त्याच सीआय मशीनवर टप्प्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिल्ड आलटूनपालटून चालवा, प्रत्येकी निदान दहा वेळा. आधी सगळे जुने आणि मग सगळे नवे, असं करू नका. मशीन तापलं की सीपीयूचा वेग उतरतो आणि दोष नव्या बिल्डच्या माथी येतो. आकड्यांचे दोन गट स्पष्ट वेगळे राहिले तर उतार खरा.

मग गिट बायसेक्ट, म्हणजे कमिट्स निम्म्यानिम्म्याने तपासत दोषी कमिट गाठायचं. १४ कमिट्स म्हणजे फार तर चार फेऱ्या. मात्र प्रत्येक फेरीत एकाच रनवरून चांगलं-वाईट ठरवू नका. एक उत्तर चुकलं की बायसेक्ट भलत्याच कमिटवर नेऊन सोडतं. माझे यात दोन दिवस गेलेत. आणि तुमचं कमिट इतक्यात निर्दोष धरू नका. नुसता लिंकिंगचा क्रम बदलला तरी कोडची मेमरीतली मांडणी बदलते आणि वेळ हलतो.

प्रतिसाद २
लॅपटॉपवर फरक न दिसण्याचं कारण बहुधा पेज कॅश. तुम्ही ॲप दुसऱ्यांदा उघडता तेव्हा बायनरी, लायब्ररी, फॉन्ट सगळं रॅममध्येच असतं. टेस्टची स्क्रिप्ट वाचा, ती प्रत्येक रनआधी कॅश रिकामी करते का बघा. करत असेल तर तुम्ही वॉर्म स्टार्ट मोजताय आणि ती कोल्ड.

फ्लेमग्राफ सारखा येतो तोही यामुळेच. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या प्रोफाइलमध्ये सीपीयूवर गेलेला वेळच येतो, डिस्कची वाट पाहत प्रोसेस झोपलेली असते तो नाही. त्यासाठी एसट्रेस लावा, ॲपने सिस्टमकडे केलेली प्रत्येक मागणी (फाइल उघडणं वगैरे) ते नोंदवतं. त्याने ॲप स्वतःच मंदावतं, म्हणून त्यातल्या वेळांवर भरवसा नको. दोन्ही बिल्डांनी कोणत्या फाइल्स उघडल्या त्या याद्या शेजारी ठेवा. मला तरी उत्तर बहुतेकदा तिथेच मिळालंय.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! स्क्रिप्ट खरंच दर रनआधी कॅश रिकामी करते. हायपरफाइन या वेळ मोजणाऱ्या टूलच्या प्रिपेअर पर्यायात (दर रनआधी चालवायची कमांड) तीच कमांड दिली आणि लॅपटॉपवरही सुमारे ४० मिलिसेकंदांचा फरक दिसला. बायसेक्ट आलेखाच्या लायब्ररीच्या अपडेटवर थांबलं. एसट्रेसच्या याद्यांमध्ये नव्या बिल्डमध्ये दोन जास्तीच्या शेअर्ड लायब्ररी आहेत, आणि त्यातल्या एकीचा ग्लोबल कन्स्ट्रक्टर (लायब्ररी लोड होताच आपोआप चालणारा कोड) मेन हे ॲपचं मुख्य फंक्शन सुरू होण्याआधीच टाइमझोनच्या फाइल्स वाचतो. आलेख तर फक्त अहवालाच्या पानावर लागतो! ती लायब्ररी ते पान उघडल्यावरच लोड करायची, असं ठरतंय. पण त्याला आठवडा लागेल. तोवर काय करू?

प्रतिसाद १
तोवर अपडेट रिव्हर्ट करा, म्हणजे मागे घ्या, त्यात सुरक्षेची दुरुस्ती नसेल तर. आठवडाभर ९०५ राहिले की तोच पाया ठरतो आणि पुढचा उतार त्यावर चढतो. अपडेट करणाऱ्याला दोन्ही याद्या पाठवा, म्हणजे त्याला कारण स्वतः पडताळता येईल.

धागाकर्ती
चेंजलॉग पाहिला, सुरक्षेचं काही नव्हतं. त्यांच्याशी बोलून रिव्हर्ट केलं. आजच्या तीन रनमध्ये मीडियन ८३८, ८४४, ८४१. लोडिंगचा बदल मर्ज झाला की आकडे इथेच टाकते.